ओळखून दाखवा

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांना ब्रूनो क्लॉपफर कोण, हे सांगावं लागत नसे. शाईच्या डागात माणसाला काय दिसतं यावरून त्याच्या मनाचा अंदाज बांधणारी रोर्शाख चाचणी अमेरिकेत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून ते आधी झ्युरिकला आणि तिथून अमेरिकेत आले होते. या क्लॉपफर यांच्यासमोर त्यांच्या एका सहकारी संशोधिकेनं उत्तरांच्या तीस जोड्या ठेवल्या. प्रत्येक जोडीत दोन पुरुष. वय, बुद्ध्यांक आणि शिक्षण जुळतं. त्यातला एक समलिंगी, दुसरा भिन्नलिंगी. नावगाव झाकलेलं. समलिंगी कोणता तेवढं सांगायचं होतं.

तेव्हाच्या वैद्यकीय समजुतीनुसार हे काम तज्ज्ञाला अवघड जायला नको होतं. समलैंगिकता हा मनाचा गंभीर आजार, तो आत खोल मुरलेला असतो, आणि शाईच्या डागांपुढे तो लपून राहत नाही, असं पाठ्यपुस्तकं सांगत होती. रोर्शाखच्या जाणकारांकडे तर समलिंगी माणसाच्या उत्तरांत हमखास सापडणाऱ्या खुणांची यादीच असे. प्रत्यक्षात क्लॉपफर यांची निम्म्याहून जेमतेम थोडी जास्त उत्तरं बरोबर आली. दुसरे परीक्षक मॉर्टिमर मायर यांचीही तीच गत. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी निकाल फारसा वेगळा लागला नसता.

हा प्रयोग रचणाऱ्या बाईंचं नाव एव्हलिन हूकर. जवळजवळ सहा फूट उंची, गडगडाटी हसणं, आणि संशोधनाची सुरुवात पांढऱ्या उंदरांपासून.

त्या उंदरांपर्यंत पोचायलाही त्यांना बरंच चालावं लागलं होतं. २ सप्टेंबर १९०७ रोजी नेब्रास्का राज्यातल्या नॉर्थ प्लॅट गावी एका गरीब शेतकरी कुटुंबात एव्हलिन जेंट्रीचा जन्म झाला. नऊ भावंडांत ती सहावी. पुढे हे बिऱ्हाड कापडी छताच्या गाडीतून कोलोरॅडोच्या माळरानावर गेलं. आई जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेली. पण शिक कायम, तेवढं एक कुणी तुझ्याकडून काढून घेऊ शकणार नाही, असं ती लेकीला सांगायची. स्टर्लिंग गावच्या हायस्कुलात एव्हलिननं मानसशास्त्राचा पहिला धडा घेतला. १९२४ साली फी-माफीच्या शिष्यवृत्तीवर ती बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठात दाखल झाली आणि लोकांच्या घरी कामं करून तिनं राहण्याजेवण्याचा खर्च भागवला. कार्ल म्युन्झिंगर या प्राध्यापकांच्या हाताखाली ती उंदरांवरचे प्रयोग शिकली. पांढऱ्या उंदरांना स्वरांतला फरक ओळखता येतो का, या विषयावर दोघांच्या नावानं १९३१ साली निबंधही छापून आला.

डॉक्टरेटसाठी तिला येल विद्यापीठात जायचं होतं. विभागप्रमुखांनी शिफारसपत्र द्यायला नकार दिला, कारण उमेदवार बाई होती. मग जॉन्स हॉपकिन्स. तिथले नाइट डनलॅप हेही बायकांनी डॉक्टरेट करण्याच्या फारसे बाजूचे नव्हते; तरी १९३२ साली तिनं पदवी मिळवली. पुढे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएमध्ये, तिनं नोकरीसाठी अर्ज केला तेव्हा विभागप्रमुखाच्या खुर्चीत नेमके हेच डनलॅप. त्यांनी सरळ सांगितलं की घ्यायला आवडेल, पण विभागात आधीच तीन बायका आहेत आणि त्याच कुणाला नकोशा आहेत. शेवटी बाहेरून शिकणाऱ्यांसाठीच्या विस्तार विभागात ‘रिसर्च असोसिएट’ म्हणून जागा मिळाली. मधलं एक वर्ष सोडलं तर तीसेक वर्षं ती यूसीएलएमध्येच राहिली.

दोन टोकांच्या या प्रवासात आणखी दोन मुक्काम झाले, आणि पुढच्या कामाशी त्यांचा संबंध जोडल्याशिवाय राहवत नाही. १९३४ साली क्षयानं गाठलं आणि दोन वर्षं कॅलिफोर्नियातल्या आरोग्यधामात काढावी लागली. १९३७ साली शिष्यवृत्ती घेऊन ती बर्लिनला गेली, एका ज्यू कुटुंबात राहिली आणि हिटलरच्या सभांची गर्दी तिनं जवळून पाहिली. ते कुटुंब पुढे छळछावणीत संपलं. परतताना तिनं स्टालिनच्या ‘शुद्धीकरणा’नंतरचा रशियाही बघितला. या प्रवासाचं बक्षीस म्हणजे, ती जिथे शिकवत होती त्या कॉलेजनं संशयावरून तिला काढून टाकलं. सरकारनं एखाद्या समूहावर शिक्का मारला की काय होतं, हे पुस्तकातून शिकण्याची गरज तिला उरली नव्हती.

यूसीएलएच्या वर्गात सॅम फ्रॉम नावाचा एक हुशार विद्यार्थी होता. १९४४ च्या सुमाराची ही गोष्ट. वर्ग सुटल्यावर तो बाईंशी गप्पा मारत थांबायचा. हळूहळू त्यानं बाईंना आणि त्यांच्या पहिल्या नवऱ्याला आपल्या मित्रमंडळींत ओढलं. पार्ट्या, जेवणं, गाणी, वाद. ही सगळी मंडळी समलिंगी आहेत हे बाईंच्या लक्षात आलं, पण त्यावर कुणी काही बोललं नाही. त्या काळात असं बोलणं म्हणजे नोकरी, घर आणि अब्रू तिन्ही पणाला लावणं होतं. बोलणं निघालं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या सहलीत. सॅम आणि त्याचा जोडीदार बाईंना फिनोकियो या प्रसिद्ध क्लबात घेऊन गेले. तिथे पुरुष स्त्रीवेषात नाचगाणी करत आणि बघायला पर्यटकांची झुंबड उडे. खेळ संपल्यावर सॅमनं मुद्द्याला हात घातला. आम्ही जसे आहोत तसे तुम्हाला दाखवलं, आता आमच्यासारख्यांचा अभ्यास करणं हे तुमचं शास्त्रीय कर्तव्य आहे, असा त्याचा आग्रह होता.

बाईंनी आधी नाही म्हटलं. हे माझे मित्र, मित्रांचा अभ्यास तटस्थपणे कसा होणार? सॅमनं पिच्छा सोडला नाही. तेव्हा त्या क्लॉपफर यांच्याकडे गेल्या. दोघांची बसायची खोली एकच होती. ऐकताच क्लॉपफर खुर्चीतून जवळजवळ उडालेच. हे काम केलंच पाहिजे, कारण आपल्यासमोर येतात ते फक्त आजारी लोक, बाकीच्यांविषयी आपल्याला काहीही माहीत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

क्लॉपफर यांच्या या बोलण्यात साऱ्या प्रकरणाची चावी होती. समलिंगी माणसांविषयी वैद्यकशास्त्राला जे काही ‘माहीत’ होतं ते आलं कुठून? मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यातून, तुरुंगातून आणि लष्करी इस्पितळातून. खचलेला, पकडलेला, बडतर्फ झालेला माणूस डॉक्टरपुढे बसायचा आणि डॉक्टर त्याच्या दुःखाचं मूळ त्याच्या आवडीत शोधायचा. जो माणूस नोकरी करत होता, जोडीदारासोबत नीट राहत होता, त्याला डॉक्टरकडे जायचं कारणच नव्हतं, म्हणून तो कुठल्याच निबंधात नव्हता. इतक्या वर्षांत ही साधी गफलत कुणाच्या लक्षात कशी आली नाही, याचं आज नवल वाटतं. पण दवाखान्याबाहेरच्या समलिंगी माणसाशी मैत्री असलेले संशोधक होते तरी किती?

प्राणिशास्त्रज्ञ आल्फ्रेड किन्से यांनी १९४८ साली अमेरिकी पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरचं आपलं जाडजूड पुस्तक काढून खळबळ उडवली होती. गांधीलमाश्यांच्या एका छोट्या जातभाईवर, गॉल वॉस्पवर, वर्षानुवर्षं काम केलेल्या या माणसानं पाच हजारांहून जास्त पुरुषांच्या मुलाखतींवरून आकडे मांडले आणि समलिंगी अनुभव समजला जात होता त्याहून पुष्कळ लोकांना आलेला असतो, हे दाखवलं. पण किन्सेंनी मोजलं ते वर्तन. ही माणसं मनानं निरोगी आहेत की नाहीत, या प्रश्नाला त्यातून थेट उत्तर मिळत नव्हतं.

हूकर यांनी काम सुरू केलं, पण ते रेंगाळलं. १९४७ साली पहिलं लग्न मोडलं. १९५१ साली त्यांनी एडवर्ड हूकर यांच्याशी लग्न केलं. हे यूसीएलएमध्येच इंग्रजीचे प्राध्यापक, कवी ड्रायडनचे अभ्यासक. साल्टेअर अव्हेन्यूवर त्यांचं ऐसपैस आवाराचं घर होतं आणि बागेत एक वेगळी छोटी वास्तू. ‘गुडबाय टु बर्लिन’चे लेखक ख्रिस्तोफर इशरवुड १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला काही काळ तिथे राहत होते. (स्वामी प्रभवानंदांबरोबर गीतेचं इंग्रजी भाषांतर करणारे इशरवुड ते हेच.) त्यांच्यामुळे हूकर यांची या वर्तुळातली ऊठबस आणखी वाढली.

१९५३ साली त्यांनी नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ या सरकारी संस्थेकडे अनुदानासाठी अर्ज केला. याहून वाईट मुहूर्त मिळाला नसता. सेनेटर मॅकार्थी यांच्या कम्युनिस्टशोधाचा तो ऐन भर. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष आयजेनहॉवर यांनी काढलेल्या आदेशानं समलिंगी व्यक्तींना केंद्र सरकारच्या नोकरीची दारं बंद झाली. आदल्या वर्षी अमेरिकन मानसोपचार संघटनेनं मनोविकारांची पहिली अधिकृत यादी छापली होती. तीत समलैंगिकता ‘समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकारां’च्या खान्यात बसवलेली. देशातल्या सगळ्या राज्यांत समलिंगी संबंध हा गुन्हा होता आणि लॉस एंजेलिसचे पोलीस साध्या वेषात जाळं टाकून माणसं पकडत. अशा वातावरणात एक बाई सरकारकडेच पैसे मागत होती, आणि कशासाठी, तर हे लोक नॉर्मल असू शकतात का हे तपासण्यासाठी.

संस्थेच्या अनुदान विभागाचे प्रमुख जॉन एबरहार्ट विमानानं लॉस एंजेलिसला आले. या बाई आहेत तरी कोण हे त्यांना समक्ष पाहायचं होतं. दिवसभराच्या गप्पांनंतर त्यांची खात्री पटली आणि अनुदान मंजूर झालं. कचेरीत या प्रकल्पाला चेष्टेचं एक नावही पडलं होतं. ते इथे सांगण्याजोगं नाही.

आता माणसं गोळा करायची होती. समलिंगी स्वयंसेवक मिळणं तुलनेनं सोपं गेलं. सॅमची मित्रमंडळी होतीच. शिवाय १९५० साली लॉस एंजेलिसमध्येच गुपचूप सुरू झालेली मॅटाशिन सोसायटी ही समलिंगी पुरुषांची संघटना आणि तिच्यातूनच पुढे निघालेली ‘वन’ ही संस्था मदतीला आली. सगळ्यात जास्त घाम गाळावा लागला तो भिन्नलिंगी पुरुषांसाठी. आपण ‘तसले’ ठरू या धास्तीनं पुरुष लांब पळत. मग बाईंनी दारात येईल त्याला गाठायला सुरुवात केली. कामगार संघटनांत शब्द टाकला, अग्निशमन दलाच्या जवानांना विचारलं, पोलिसालाही सोडलं नाही. साल्टेअर अव्हेन्यूवर आता कुठलाही पुरुष सुरक्षित नाही, असं एडवर्ड गमतीनं म्हणत.

विद्यापीठाच्या आवारात यायला कुणी धजलं नसतं, म्हणून चाचण्या बागेतल्या त्या अभ्यासिकेत झाल्या. कोण आलं, कोण गेलं, रस्त्यावरून दिसत नसे. येणाऱ्या प्रत्येकानं आपली नोकरी आणि स्वातंत्र्य बाईंच्या हाती सोपवलेलं होतं. एखादी यादी पोलिसांच्या हाती लागली असती तर तीस माणसं आयुष्यातून उठली असती.

अटी कडक होत्या. मानसोपचार घेणारा नको, मग तो कुठल्याही गटातला असो. शेवटी तीस आणि तीस असे साठ पुरुष निवडले गेले. प्रत्येकाची दीर्घ मुलाखत, आणि तीन चाचण्या. पहिली रोर्शाखची, शाईच्या दहा डागांची. दुसरीत चित्रं दाखवून गोष्ट सांगायला लावायची. तिसरीत नेपथ्यासारख्या चित्रांवर माणसांच्या छोट्या आकृत्या मांडून प्रसंग रचायचा. ती तयार केली होती एडविन श्नाइडमन यांनी. आत्महत्या का घडतात याचा अभ्यास करणारे म्हणून श्नाइडमन पुढे जगभर प्रसिद्ध झाले. आपली चाचणी तपासायला ते स्वतःच बसले.

मैत्रीचं ओझं बाईंनी कसं उतरवलं ते इथे दिसतं. मैत्री नसती तर ही माणसं बोललीच नसती. पण मैत्री आहे म्हणून निष्कर्ष काढायचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला नाही. उत्तरं गोळा करायची आपण, मोल ठरवायचं परक्यांनी, आणि परक्यांना कुणाचं काय ते कळू द्यायचं नाही. परीक्षकही निवडले ते आपल्या बाजूनं बोलतील असे नव्हेत, तर त्या त्या चाचणीत ज्यांच्यावर कुणी बोट ठेवू शकणार नाही असे. समलैंगिकतेचं निदान करता येतं, असंच त्यांना शिकवलं गेलं होतं.

परीक्षकांपुढे पहिला प्रश्न ‘ओळखा’ हा नव्हताच. साठ जणांची उत्तरं सरमिसळ करून दिली होती आणि प्रत्येक माणूस आयुष्याशी किती जुळवून घेऊ शकलाय, याला एक ते पाचमधली श्रेणी द्यायची होती. दोन्ही गटांतली साधारण दोन तृतीयांश माणसं सर्वसाधारण किंवा त्याहून चांगल्या श्रेणीत पडली. गटागटांत फरक नाही. मग आली ती जोड्यांची परीक्षा. एकाच माणसाविषयी दोन्ही परीक्षकांचं मत जुळेल याचीही शाश्वती उरली नाही. आपलं काही चुकत असावं असं वाटून उत्तरं परत चाळली गेली, तरी चित्र बदललं नाही.

मूळ निबंधातली एक बारीक गोष्ट या कहाणीच्या बऱ्याच आवृत्त्यांमधून गळते. चित्रांवरून गोष्ट सांगायच्या चाचण्यांत समलिंगी पुरुष ओळखू येत होते, कारण त्यांच्यातल्या बहुतेकांनी एखादी तरी गोष्ट उघडउघड दोन पुरुषांच्या प्रेमाची सांगितली होती. हूकर यांनी हे लपवलं नाही. उलट त्यामुळेच निष्कर्ष अधिक पक्का होतो. कोण कुणावर प्रेम करतो हे गोष्टीतून कळलं, तरी श्नाइडमन यांनी दिलेल्या श्रेणींत दोन गटांमध्ये फरक दिसला नाही. आवड वेगळी होती, प्रकृती वेगळी नव्हती.

१९५६ साली शिकागोत अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांनी हे मांडलं तेव्हा सभागृह खच्चून भरलं होतं. काहींनी कौतुक केलं, काहींना ते साफ अविश्वसनीय वाटलं. सॅम फ्रॉम तिथे नव्हता. ज्याच्या हट्टातून हे सुरू झालं तो त्याच वर्षी मोटार अपघातात गेला. पाठोपाठ जानेवारी १९५७ मध्ये एडवर्ड हृदयविकारानं गेले. निबंध त्याच वर्षी ‘जर्नल ऑफ प्रोजेक्टिव्ह टेक्निक्स’मध्ये छापून आला. बाईंना आणखी तपासायचं होतं, पण आता थांबू नका असा संपादकांचा लकडा होता.

या अभ्यासाच्या मर्यादा मोजायच्या तर यादी लांब होईल. माणसं अवघी साठ. सगळे पुरुष, एकाच शहराच्या आसपासचे. बायकांचा पत्ताच नाही. स्वयंसेवक संघटनांमधून आलेले, म्हणजे मुळात जरा धीट. आणि ज्या रोर्शाख चाचणीवर सारी मदार, तिच्याबद्दल पुढच्या काळात मानसशास्त्रज्ञांमध्येच एवढे वाद झाले की काहींच्या मते हा प्रयोग समलिंगी माणसांपेक्षा शाईच्या डागांविषयीच जास्त सांगतो. हे आक्षेप खरे आहेत. तरी निष्कर्षाला धक्का लागत नाही, कारण पाडायचा होता तो दावा सरसकट होता. समलिंगी माणूस आजारी असतोच, असं शास्त्र म्हणत होतं. सगळे कावळे काळेच असतात, हे खोडून काढायला पांढऱ्या कावळ्यांचा थवा लागत नाही. सगळे समलिंगी निरोगी असतात असं हूकर यांनी कधीच म्हटलं नाही. शिक्का चुकीचा आहे, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि चाचणीवरचा आक्षेप तर उलटा फिरतो. ‘समलैंगिकतेच्या खुणा’ दाखवणारी रोर्शाख विश्वासार्ह, आणि त्या खुणा न दाखवणारी रोर्शाख कुचकामी, असं एकाच तोंडानं म्हणता येत नाही.

म्हणून काही वारं लगेच फिरलं नाही. १९६२ साली न्यू यॉर्कचे मनोविश्लेषक आयर्विंग बीबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०६ समलिंगी पुरुषांवरचा ग्रंथ काढला आणि आजाराचा सिद्धांत पुन्हा ठासून मांडला. हे १०६ जण होते कोण? सगळे मनोविश्लेषकांकडे उपचार घेणारे रुग्ण. पाच वर्षांपूर्वीचा धडा कुणी वाचलाच नव्हता म्हणा, किंवा वाचून बाजूला ठेवला होता म्हणा. तरीही पुढची दहा वर्षं डॉक्टरांच्या वर्तुळात वजन होतं ते बीबर यांच्याच पुस्तकाला.

हूकर मात्र दवाखान्यापासून आणखी लांब गेल्या. त्या आता रात्रीच्या रात्री लॉस एंजेलिसच्या बारमध्ये बसून नोंदी करू लागल्या. समलिंगी पुरुषांचे बार म्हणजे नुसती प्यायची ठिकाणं नव्हती. तिथे नव्याची ओळख व्हायची, कुठल्या गल्लीत पोलीस आहेत याची खबर मिळायची, या जगाचे शिष्टाचार शिकवले जायचे. १९६१ साली कोपनहेगनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी ‘समलिंगी समुदाय’ या विषयावर निबंध वाचला. विकाराचा ‘समुदाय’ असू शकतो ही कल्पना तोवर फारच थोड्यांनी गंभीरपणे मांडली होती. एकेका रुग्णाच्या बालपणात कारण शोधण्याऐवजी माणसांच्या गटाचे नियम शोधणं, ही दृष्टी पुढे समाजशास्त्रज्ञांनी उचलली.

१९६७ साली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थचे संचालक स्टॅन्ली योल्स यांनी समलैंगिकतेवर एक अभ्यासगट नेमला आणि अध्यक्षपद हूकर यांना दिलं. चौदा वर्षांपूर्वी ज्या संस्थेच्या कचेरीत त्यांच्या प्रकल्पाची खिल्ली उडत होती, तीच ही संस्था. १९६९ सालच्या अहवालानं सांगितलं की प्रौढांचे संमतीचे खासगी संबंध गुन्ह्यातून वगळा आणि नोकरीतला भेदभाव थांबवा. तोवर निक्सन यांचं सरकार आलं होतं. अहवाल फडताळात गेला. ‘वन’नं तो १९७० साली आपल्या नियतकालिकातून छापून टाकला. सरकारी प्रत निघायला १९७२ उजाडलं.

त्यानंतरची घडामोड झपाट्यानं झाली. मानसोपचार संघटनेच्या अधिवेशनांत निदर्शनं होऊ लागली. १९७२ साली डॅलसमध्ये एक मानसोपचारतज्ज्ञ मुखवटा घालून, आवाज बदलणाऱ्या माइकवरून व्यासपीठावर बोलला: मी डॉक्टर आहे आणि समलिंगी आहे. १५ डिसेंबर १९७३ रोजी संघटनेच्या विश्वस्तांनी समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली. विरोधकांनी सदस्यांचं मतदान घ्यायला लावलं. १९७४ च्या त्या मतदानात ५,८५४ मतं निर्णयाच्या बाजूनं आणि ३,८१० विरोधात पडली. आजार आहे की नाही हे मतपेटीत ठरवणं चमत्कारिकच. पण मुळात यादीत घालतानाही कुणी प्रयोगशाळेतला पुरावा मागितला नव्हता. काढताना ज्या थोड्या अभ्यासांकडे बोट दाखवता येत होतं, त्यांत हूकर यांचा अग्रभागी होता.

भारतापर्यंत हा बदल जागतिक आरोग्य संघटनेच्या वाटेनं आला. आपल्याकडचे डॉक्टर निदानासाठी या संघटनेची रोगसूची वापरतात. तिच्यातून समलैंगिकता १९९० साली वगळण्याचं ठरलं. कायदा मात्र १८६० च्या दंडसंहितेतला, तो बराच काळ जागचा हलला नाही. २०१८ साली इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनं हा आजार नसल्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांचे संमतीचे संबंध कलम ३७७ मधून वगळले. तरी ‘औषधानं बरा करतो’ म्हणणारे अजून भेटतात, आणि मुलाला घेऊन त्यांच्याकडे जाणारे आईबापही.

१९७० साली यूसीएलए सोडल्यावर हूकर यांनी सांता मोनिकात स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. दवाखान्यात न जाणाऱ्यांवर संशोधन करून नाव मिळवलेल्या बाईंकडे आता समलिंगी स्त्रीपुरुष आपली दुःखं घेऊन येऊ लागले, आणि ती दुःखं बहुतेक वेळा घरच्यांनी, मालकांनी नि पोलिसांनी दिलेली असत. १९९२ साली रिचर्ड श्मीकेन यांनी त्यांच्यावर ‘चेंजिंग अवर माइंड्स’ हा माहितीपट काढला. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं लोकहिताच्या कामासाठीचा पुरस्कार दिला. शिकागो विद्यापीठात त्यांच्या नावानं समलिंगी स्त्रीपुरुषांच्या मानसिक आरोग्याचं केंद्र सुरू झालं.

त्याच सुमारास एक अनपेक्षित पत्र आलं. वेन प्लॅसेक नावाचा पत्रकार वारला होता. हूकर यांच्या जुन्या संशोधनात तो सहभागी झाला होता. मृत्युपत्रात त्यानं पाच लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम ठेवली होती आणि अट घातली होती की समलिंगी स्त्रीपुरुषांविषयी लोकांची समज वाढेल अशा संशोधनासाठीच ती खर्च व्हावी. पैशाचं काय करायचं ते ठरवणाऱ्या समितीवर हूकर बाई हव्यात, अशीही त्याची इच्छा होती. अमेरिकन सायकॉलॉजिकल फाउंडेशननं त्या रकमेतून प्लॅसेक निधी उभा केला. १८ नोव्हेंबर १९९६ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, हूकर सांता मोनिकातल्या घरी वारल्या, तोवर त्यातून तरुण संशोधकांना अनुदानं मिळायला लागली होती.